राखून ठेवलेलं डिझेल

खुशनुमाला राग आला की ती आधी चष्मा काढते. काचा पुसत नाही, डोळे चोळत नाही. चष्मा नुसता हातात धरते, समोरच्याकडे पाहते आणि मग जे बोलायचं ते बोलते. चौथीत होती तेव्हा चष्मा नव्हता, तेव्हा ती दप्तर खाली ठेवायची. तिनं दप्तर खाली ठेवलं की आजूबाजूची पोरं मागं सरकायची. तेलगावच्या शाळेत मी तिला शिकवलं. मला निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, कितीतरी मुलं हाताखालून गेली, पण इतका नीटनेटका राग मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. तो इकडेतिकडे सांडत नाही. ज्याचा असतो त्यालाच मिळतो.

तिचे वडील जमीलभाई तेव्हा विठ्ठलरावांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. विठ्ठलराव म्हणजे आमच्याकडचे मोठे बागायतदार. गावातली निम्मी भांडणं त्यांच्या ओट्यावर मिटायची आणि उरलेली तिथूनच सुरू व्हायची. हंगामात त्यांचे ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्याला जात. ड्रायव्हरांसाठी त्यांनी एक माप बांधून दिलं होतं: उसाच्या फडापासून कारखान्यापर्यंतच्या एका खेपेला इतकं डिझेल. त्याहून जास्त लागलं तर पगारातून कापायचं.

एका हंगामात विठ्ठलरावांना रस्त्याकडेच्या मोरीत, सिमेंटच्या नळीत ठेवलेला डिझेलचा पिवळा कॅन सापडला. कुणीतरी जमीलभाईंकडे बोट दाखवलं. विठ्ठलरावांनी कारखान्याच्या आवारात, उसाच्या गाड्यांची रांग लागली होती तिथं, जमीलभाईंना तो कॅन डोक्यावर घ्यायला लावला आणि रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवलं. जमीलभाई एवढंच म्हणत होते, "कॅन माजा न्हाई, मालक." त्या दिवशी खुशनुमा बापाची भाकरी घेऊन तिथं गेली होती. फडक्यात बांधलेली भाकरी छातीशी धरून ती रांगेच्या कडेनं बापाच्या बरोबरीनं चालत राहिली, असं बघणाऱ्यांनी मला सांगितलं. रडली नाही.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावांचा पप्पू तिला वर्गात "डिझेलचोराची" म्हणाला. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि कंपासपेटी त्याच्या भुवईवर मारली. पप्पू आता ग्रामपंचायतीत निवडून आला आहे, पांढरे कडक कपडे घालतो, पण ती खूण भुवईवर अजून आहे.

मी तिला बाहेर नेऊन विचारलं, "का मारलंस?"

"कॅन आमचा न्हवताच, बाई. कुनीतरी आनून ठेवलता."

"तुला कसं माहीत?"

"मला म्हाईत हाय."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. त्या वयाच्या मुली खोटं बोलताना नजर खाली घालतात. ही माझ्या डोळ्यांत बघत होती.

जमीलभाईंनी ट्रॅक्टर सोडला. माजलगाव रस्त्याला पत्र्याचं शेड टाकून ट्रॅक्टरदुरुस्ती सुरू केली. दुसऱ्याच्या मालकीच्या वाहनावर त्यानंतर ते कधी बसले नाहीत. दुरुस्तीनंतर गाडी चालवून बघायची असली तरी ते बाजूला उभे राहायचे आणि म्हणायचे, "तुमीच बसा. मी आवाज ऐकतो." कॅनचा विषय कुणी काढला की हातातलं काम ठेवून आत जायचे. गावातल्या काहींनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, काहींनी नाही. विश्वास ठेवणाऱ्यांच्या बळावर ते गावात मान वर करून राहिले.

खुशनुमा शिकली. आधी संभाजीनगरला इंजिनिअरिंग, नंतर आणखी पुढचं. पुण्यात नोकरी लागली तेव्हा ती पेढे घेऊन आली. काय काम करणार हे तिनं मला सांगितलं आणि ते मला कळलं नाही.

कळलं ते यंदा. कमरजहाँच्या, म्हणजे तिच्या आईच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती गणपतीनंतर घरी आली आणि माडीवरच्या खोलीतून काम करायला लागली. मी कमरजहाँला बघायला गेले होते.

"वर बसलीया जहाजं हाकलत," कमरजहाँ पलंगावरून म्हणाली. "जाऊन बगा. ह्या बयेनं समिंदर बघितला एकदा, अलिबागला. तितंबी चप्पल भिजंल म्हून पान्यात गेली न्हाई. आन ही सांगती जहाजवाल्यांला कुटून जायाचं!"

"अम्मी, ऐकू येतं वर!" माडीवरून आवाज आला.

"ऐकू यावं म्हूनच बोलते!"

वर खिडकीला पडदा लावून खुशनुमा दोन पडद्यांसमोर बसली होती. एकावर समुद्राचा नकाशा आणि त्यावर हळू सरकणारे बाण. वारा कुठं, लाटा कुठं, ते त्या बाणांवरून कळतं, असं ती म्हणाली. प्रत्येक मालवाहू जहाज रोज दुपारी बाराला कळवतं: कुठं आहोत, किती वेगानं आलो, वारा कसा होता, लाटा केवढ्या होत्या, इंधन किती जळलं. असे महिनोन्‌महिन्यांचे आकडे घालून तिनं आणि तिच्या सोबत्यांनी एक प्रोग्राम बनवला आहे. तो त्या जहाजाची चाल शिकतो. मग पुढची सफर निघायच्या आधीच सांगतो, या वाटेनं, या वेगानं, या हवामानात गेलात तर इतकं इंधन लागेल. त्या वाटेनं थोडं दमानं गेलात तर कमी लागेल आणि पोचाल त्याच दिवशी.

"म्हणजे खेपेला इतकं डिझेल," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी तसं बोलले.

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "हो बाई," ती म्हणाली. "तेच. फक्त मी माप बांधताना वारा मोजते." आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

नंतर मी अधूनमधून जाऊ लागले. मला समुद्राचे बाण बघायला आवडायचे. ती काम करायची, मी शेजारी बसून कमरजहाँच्या वाटच्या शेंगा सोलायचे. असाच एक दिवस तिच्या साहेबांचा फोन आला, अमरसिंह म्हणून, पुण्याच्या ऑफिसचे प्रमुख. तिनं फोन टेबलावर ठेवला होता, त्यामुळं मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

एका जहाजावरून वाद होता. ते जहाज पावसाळ्यात आफ्रिकेकडून कोळसा घेऊन आलं होतं. प्रोग्रामनं सांगितलं होतं त्याहून पुष्कळ जास्त इंधन त्यानं जाळलं होतं. त्याच फेरीला जहाजावर मुख्य इंजिनिअर नवा आला होता, केरळातला माणूस. जहाजाच्या मालकाला संशय होता की त्यानं इंधन परस्पर विकलं. खुशनुमाच्या कंपनीनं तसा अहवाल द्यावा, असं त्याचं म्हणणं होतं, आणि खाली सही खुशनुमाची हवी होती, कारण त्या जहाजाचं माप तिनं बांधलेलं होतं.

"हिशेब साधा आहे," अमरसिंह म्हणाले. "आपण सांगितलं इतकं, त्यांनी दाखवलं तितकं. मधलं गेलं कुठे?"

"लाटांत गेलं, सर."

"लाटा मागच्या वर्षीही होत्या. तेव्हा नाही गेलं."

"मागच्या वर्षीचे आकडे खरे नाहीत."

"सगळे?"

"जवळजवळ सगळे. त्याच्या आधीच्या इंजिनिअरनं सपाट करून पाठवलेत."

"खुशनुमा, एका वर्षाचे आकडे खोटे आणि ज्याच्यावर आरोप आहे त्या एकट्याचे खरे, असं मी मालकाला लिहून देऊ? तू जहाजावर राहिली आहेस कधी? लोक असं करतात हे तुला कुणी सांगितलं? त्या आधीच्या माणसानं कबूल केलंय?"

"त्याला विचारलं. उत्तर दिलं नाही."

"मग आधार काय?"

खुशनुमानं चष्मा काढला. मी वाट पाहू लागले. पण ती काही बोललीच नाही. चष्मा हातात, नजर फोनवर, ओठ मिटलेले. तिचा राग तोंडापर्यंत येऊन माघारी गेला असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "सोमवारपर्यंत सही लागेल," असं सांगून अमरसिंहांनी फोन ठेवला.

मग तिनं मला ते आकडे दाखवले. जुन्या इंजिनिअरची रेघ फळ्यावर पट्टी धरून ओढल्यासारखी होती. वादळ असो नाही तर पाणी तव्यासारखं सपाट असो, रोजचं इंधन सारखंच. नव्या माणसाची रेघ आमच्या बालाघाटच्या डोंगरांसारखी वरखाली. वाऱ्याच्या दिवशी वर, शांत दिवशी खाली. शांत दिवसांत तर त्यानं प्रोग्रामच्या अंदाजाहूनही कमी जाळलं होतं.

"बाई, चोर शांत दिवशी चोरलेलं परत आणून ओततो का?" ती म्हणाली. "साहेबांना सांगितलं, तर म्हणे ती त्याची चलाखी. मालक फेरीची बेरीज बघतो, रोजची ओळ कोण बघतंय? त्या माणसाला पुढच्या बंदरावर उतरवतील. एकदा चोर म्हणून उतरवलेल्याला दुसरं जहाज मिळत नाही. आणि ते माझ्या सहीनं."

त्या इंजिनिअरनं ऑफिसला एक निरोपही पाठवला होता, तो तिनं मला वाचून दाखवला. त्याचा अर्थ असा होता: तुमच्या खुर्चीला लाटा लागत नाहीत, मॅडम. इथं येऊन बसा आणि मग सांगा किती जळायला पाहिजे.

"चिडका आहे," मी म्हणाले.

"मला आवडला," ती म्हणाली.

मग ती उठली, जिन्यापाशी जाऊन खाली कानोसा घेतला आणि परत येऊन माझ्यासमोर बसली. "बाई, कॅन आमचाच होता."

मला क्षणभर कळलं नाही कुठला कॅन.

"पिवळा. मोरीतला. अब्बा भरायचे तेव्हा झाकण मी धरायची." आता ती तेलगावची बोली बोलत होती, पुण्याची नाही. "इठ्ठलरावांचं माप तुमाला म्हाईत हाय. जास्त लागलं तर पगारातून कापायचं. पन कमी लागलं तर काय करायचे, ते म्हाईत हाय? कमी लागलं की तेच नवं माप! पुढच्या खेपंला तेवढंच द्यायचे. कोरडा रस्ता, लवकर नंबर लागला, डिझेल वाचलं, आन ते मालकाला सांगितलं, की पुढं चिखलाच्या खेपंला मेला ड्रायव्हर. म्हून अब्बा चांगल्या खेपंचं राखून ठेवायचे. फड वल्ला असला, चाक रुतलं, रांगेत इंजिन चालू ठिवून थांबावं लागलं, की त्या कॅनमदलं घालायचे. मालकाला समद्या खेपा सारख्या दिसायच्या. जहाजावरबी तेच चाललंय. म्हून मला कळतं. साहेबाला काय सांगू, मला कुनी सांगितलं?"

इतक्या वर्षांनी मला ते डोळ्यांत बघणं आठवलं. ती तेव्हा खोटं बोलली होती, आणि ज्या गोष्टीसाठी बोलली होती, बाप चोर नाही ही, ती खरी होती.

"मग लिही की तसं," मी म्हणाले.

"अब्बांना इचारलं काल." तिनं पुन्हा चष्मा हातात घेतला. "म्हनाले, त्या कॅनचं नाव काढायचं न्हाई. म्हनाले, मी चोर न्हाई हे मला म्हाईत हाय. पन कॅन माजा व्हता असं बोललो की लोकांपाशी कॅन तेवढा ऱ्हाईल. म्होरलं कोन ऐकतंय?"

मला राग आला. जमीलभाईंचा नाही, ते बरोबर बोलत होते याचा.

आता योगायोग म्हणा किंवा पप्पूची हुशारी म्हणा, त्याच आठवड्यात तो खुशनुमाच्या सत्काराचं आमंत्रण घेऊन आला. गावची लेक, जहाजाच्या कंपनीत, गावाला अभिमान वगैरे. अध्यक्ष त्याचे वडील विठ्ठलराव. ज्या माणसानं बापाच्या डोक्यावर कॅन दिला, त्याच्या हातून लेकीच्या खांद्यावर शाल. आमच्याकडे सत्कार ठरवताना कोण हार घालणार हे आधी ठरतं आणि कुणाला घालायचा ते नंतर. यात काही वावगं आहे असं पप्पूला खरोखरच वाटलं नव्हतं. खुशनुमा नाही म्हणाली. तर कमरजहाँ म्हणाली, "जा गे. शाल तरी येईल घरात. त्यांच्याकडनं आजवर काय आलंय?" शेवटी आईच्या आग्रहानं खुशनुमा तयार झाली. तिची ओळख करून देणारं भाषण मी करायचं असं ठरलं.

रविवारी दुपारी सभामंडपात कार्यक्रम झाला. मागं मोठा फलक लावला होता: 'तेलगावची कन्या, जहाजाची कॅप्टन'. खाली एका लढाऊ जहाजाचं चित्र, तोफांसकट. खुशनुमा ते बघून माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, या जहाजाला किती डिझेल लागतं ते मला कुणी सांगणार नाही."

माझं भाषण लहान झालं. मग पप्पू उठला.

"आपली खुशनुमाताई," तो म्हणाला, "जहाज निघायच्या आधीच सांगते, किती तेल लागनार. म्हंजी चोरीला वावच न्हाई! तर मी आज सर्वांसमोर जाहीर करतो, या हंगामापासून ताईचा प्रोग्राम आपल्या ट्रॅक्टरांना लावायचा. टाकीत मीटर, मोबाईलवर हिशेब. ड्रायव्हरानं एक लिटर इकडंतिकडं केलं, तर आपल्याला घरबसल्या कळंल."

टाळ्या पडल्या. जिथून पडायला हव्या होत्या तिथून पडल्या. मागं ड्रायव्हर मंडळी बसली होती, तिकडं हात हलले नाहीत.

विठ्ठलराव आता थकले आहेत, पण आवाज तसाच आहे. बसूनच माईक घेऊन ते म्हणाले, "पोरगी जहाजाचं अॅव्हरेज काढती. चांगलंय. तिच्या बापाचं अॅव्हरेज आमी काढलंतं!" आणि हसले. त्यांना तो प्रेमाचा विनोद वाटला असावा. पुढच्या रांगाही हसल्या. मागं चहाच्या पातेल्यापाशी जमीलभाई उभे होते. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

खुशनुमानं खांद्यावरची शाल काढून घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. मग चष्मा काढला. माईकपाशी गेली आणि विठ्ठलरावांकडे वळली.

"काका, ट्रॅक्टरला प्रोग्राम लावायचा म्हन्ता. लावते. पन आधी एक सांगते. तो पिवळा कॅन आमचाच व्हता."

पप्पू अर्धवट उठला. ती पुढं बोलत राहिली.

"डिझेल माज्या बापानंच राखलं व्हतं. एक थेंब इकला न्हाई. कोरड्या खेपंचं वल्ल्या खेपंला घातलं, तुमच्याच ट्रॅक्टरात, तुमच्याच उसासाठी. कशाला घातलं? तर तुमाला खरं सांगायची सोय न्हवती. जास्त लागलं तर कापायचे, कमी लागलं तर माप घटवायचे. मंग मानूस खरं कशाला बोलंल? काका, हंगामभर तुमाला समद्या खेपा सारख्या दिसत व्हत्या. तवा एकदा तरी मनात आलं न्हाई का, चिखल कुटं गेला म्हून?"

"बस खाली," विठ्ठलराव म्हणाले. "सत्काराला बोलवलंय, भांडाया न्हाई." मग लोकांकडे वळून, अगदी शांतपणे, "कॅन व्हता हे कबूल केलं ना तिनं? मंग मी काय येगळं बोललो व्हतो?"

आणि कुणीतरी हसलं. जमीलभाईंनी जे सांगितलं होतं ते असं अक्षरशः समोर घडलं. कॅन तेवढा राहिला. मी उभी राहिले, पण माझ्या आधी मागून आवाज आला.

"इठ्ठलराव."

जमीलभाई होते. मालक नाही, काका नाही. सगळा मांडव मागं वळला.

"केलं कबूल. मीबी करतो. म्होरलंबी ऐका. तुमी तो कॅन माज्या डोक्यावर दिला तवा तो भरलेला व्हता. काठोकाठ. माजी मान महिनाभर वळत न्हवती. इकायचं असतं, तर भरून कशाला ठेवला असता? समद्या रांगंनं बघितला भरलेला कॅन. एकानंबी इचारलं न्हाई."

मागच्या रांगेतला म्हाळू उठला. तोही जुना ड्रायव्हर, जमीलभाईंच्या बरोबरीचा, दारूमुळं ज्याचं कुणी ऐकत नाही असा. "माजा बाभळीखाली असायचा," तो म्हणाला. "आमी समदेच ठेवत व्हतो, बे. सापडला ह्याचा."

"ए म्हाळू, गप बस!" पप्पू ओरडला.

"तूच गप बस. तुज्या लग्नाच्या वरातीचा ट्रॅक्टर माज्याच कॅनवर चालला," म्हाळू म्हणाला, आणि आता हसू मागून आलं. दबलेलं नाही, मोकळं. पप्पूनं माईकची वायर काढली. विठ्ठलराव काठी टेकत उठले. जाताना खुर्चीवरच्या शालीकडे त्यांनी बघितलं, पण उचलली नाही. खुशनुमानंही उचलली नाही. चहा तसाच राहिला.

घरी जाताना मला वाटलं होतं, बापलेक आज एकमेकांशी बोलतील. तसं काही झालं नाही. जमीलभाई लेकीवर संतापले होते. "माजं व्हतं ते," ते मला रस्त्यातच म्हणाले, तिच्याकडे न बघता. "सांगायचं का न्हाई, ते मी ठरवायचं व्हतं. हिनं मला न इचारता चारचौघांत उघडं केलं. इठ्ठलरावानं काय येगळं केलं मंग?" दुसऱ्याचा राग आपल्याही वाट्याला येतो, हे खुशनुमाला नवीन होतं.

तरी रात्र होण्याआधी तिनं अहवाल लिहिला. दुसऱ्या दिवशी मला तिनं तो मराठीत समजावून सांगितला. इंधन चोरीला गेलं असं म्हणता येत नाही. चुकलं आहे ते आमचं माप, कारण ते सपाट करून पाठवलेल्या आकड्यांवर बांधलं होतं. असे सपाट आकडे का येतात, हे सांगायला तिनं एक परिच्छेद लिहिला होता: बीड जिल्ह्यातला एक ट्रॅक्टर, उसाची खेप, मोरीतला कॅन, आणि ड्रायव्हरचं नाव जमील, हे माझे वडील. खाली सही.

अमरसिंहांचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते.

"अहवाल चांगला आहे. तो ट्रॅक्टरचा परिच्छेद काढ."

"नाही."

"मालक हसतील, खुशनुमा."

"आमच्या गावचे हसून झालेत, सर. आता कोणी हसलं तरी चालेल. तुम्ही विचारलं होतं आधार काय. तो आधार आहे. परिच्छेद काढायचा असेल तर सहीही काढा."

अमरसिंह माणूस वाईट नसावेत. त्यांनी परिच्छेद काढला नाही. पहिल्या पानावरून उचलून शेवटच्या पानावर नेला. मालकानं इंजिनिअरला तूर्त उतरवलं नाही, टाक्या मोजायला माणूस पाठवला. चोरीचं काही निघालं नाही. मात्र आपला प्रोग्राम वर्षभर चुकीचं सांगत होता, हे गिऱ्हाइकाला लिहून दिलं म्हणून ते जहाज खुशनुमाकडून काढून घेतलं गेलं. तिला दुसऱ्या कामावर बसवलं. त्यावर ती अजून धुमसते आहे आणि मला ते योग्य वाटतं.

जमीलभाई तिच्याशी बोलत नव्हते. जेवायला वाढलं तर जेवायचे, विचारलं तर कमरजहाँकडे बघून उत्तर द्यायचे. "मी काय फोन हाय का दोघांच्या मदला?" कमरजहाँ म्हणायची. दिवाळी जवळ आली, हंगाम सुरू व्हायला आला, शेडसमोर दुरुस्तीचे ट्रॅक्टर उभे राहू लागले. पप्पूनं टाकीत मीटर बसवले, दुसऱ्या कुणाकडून तरी. माप तेच आहे.

एका सकाळी मी शेडवरून जात असताना खुशनुमा तिथं धावत आली, मोबाईल हातात. जमीलभाई ट्रॅक्टरखाली आडवे झाले होते, फक्त पाय दिसत होते. ती त्या पायांशी बोलायला लागली.

"अब्बा, त्या इंजिनिअरचा निरोप आलाय. माझा पत्ता शोधून पाठवलाय. लिहितो, आधीच्या माणसानं तेल राखून ठेवलं होतं हे मला माहीत होतं. मी खरे आकडे पाठवले म्हणून अडकलो. तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

पाय हलले नाहीत.

"काय लिहू?"

मग खालून हात आला, काळा, तेलकट. मी पाना उचलून त्या हातात दिला. तो आत गेला.

"त्याला इचार," ट्रॅक्टरखालून आवाज आला. तो तिच्याशीच होता, कमरजहाँशी नाही. "शांत पान्यात कमी लागलं, तर त्याचा मालक म्होरल्या फेरीला माप घटवतो का न्हाई?"

"विचारायला कशाला पाहिजे?" खुशनुमा म्हणाली. "घटवतो. करारातच असतं तसं. आमच्याच प्रोग्रामवरनं घटवतात."

खाली पाना फिरल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. मग थांबला.

"मंग तो आज ना उद्या राखायला लागनार. त्यो न्हाई तर त्याच्यानंतरचा. तुजं काय झालं काम? काईच न्हाई झालं."

मी खुशनुमाकडे पाहिलं. तिनं मोबाईल खिशात टाकला आणि चष्मा काढला.